ढालीची चांदी

निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. दरोडे, मारामाऱ्या, बैलचोऱ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेल्या आहेत आणि कोणता पंचनामा कोणत्या गावचा, हे सांगताना माझाच गोंधळ उडतो. नांदुऱ्याच्या ढालीची चोरी तेवढी अजून जशीच्या तशी आठवते. चोरीचा माल फार मोठा नव्हता, कोणाच्या अंगाला ओरखडाही आला नव्हता. पण त्या एका गुन्ह्यात अर्धे गाव फिर्यादी होते, आणि असे मी नंतर कुठेच पाहिले नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली होती. मी नांदुऱ्याला ठाणेदार म्हणून रुजू झालो तेव्हा ठाण्यातले छापील नमुने अजून जुन्या राज्याचेच होते. त्यावरचे नाव खोडून शाईने नवे लिहावे लागे. गाव रेल्वेच्या हमरस्त्यावरचे. कापूस आणि धान्य यांचा मोठा बाजार, त्यामुळे पैसा खेळता आणि माणसे बोलकी. हंगामात गाड्यांची रांग पार रेल्वेफाटकापर्यंत लागे, आणि गाडीवानांची भांडणे मिटवण्यात आमचा सकाळचा वेळ जाई.

या गावाला फुटबॉलचे वेड होते. रेल्वेतल्या नोकरांनी तो खेळ आणला आणि गावाने तो आपलासा केला. रुळांच्या पलीकडे मैदान होते. रविवारी दुपारी सामना असला की बाजारातले हमाल, शिंपी, कारकून, गाडीवान तिकडे लोटत. भाजीवाले रिकाम्या टोपल्या उपड्या घालून त्यावरच बसत. माझा हवालदार घाटावरचा, जानेफळचा. बदलून आला तेव्हा त्याने आयुष्यात फुटबॉल पाहिला नव्हता, पण सहा महिन्यांत तोही असा काही बिघडला की सामन्याच्या दिवशी त्याला दुसरीकडे बंदोबस्त दिला तर तोंड पाडून बसे.

गावचे जे मंडळ होते त्याचे चिटणीस बाजारातले अडते होते. पन्नाशीचे, स्वच्छ धोतर-टोपीतले, हात जोडून बोलणारे गृहस्थ. मंडळ त्यांनीच उभे केले होते. सुरुवातीला सगळे खेळाडू गावातलेच होते. मग एका वर्षी शेजारच्या तालुक्याच्या संघाने नांदुऱ्याला गावच्याच मैदानावर धुतले. त्या संध्याकाळी लोक चिटणिसांच्या अडतीसमोर जमले आणि वाट्टेल ते बोलले. चिटणिसांना ते फार लागले. पुढच्या हंगामात त्यांनी कामठीहून एक गोलकीपर पगारावर आणला. कामठीची पोरे फुटबॉल खेळतच मोठी होतात, हे सगळ्या विदर्भाला माहीत आहे. मग शेजारच्यांनी भुसावळचा माणूस आणला. यांनी भुसावळचेच आणखी दोन आणले. त्यांनी पगार वाढवला, यांनी त्याहून वाढवला. होता होता निम्मा संघ पगारी झाला आणि त्यातल्या प्रत्येकाचा पगार शाळामास्तरापेक्षा जास्त.

सामने मात्र जिंकू लागले. गाव खूश होते. पूर्वी फुकट बघायला मिळणारा सामना आता बांबूच्या कुंपणाआड गेला, तिकीट लागले. लोकांनी कुरकुर केली आणि तिकीट काढले. मैदानावर सावलीसाठी पत्र्याची शेड बांधायची म्हणून वर्गणी गोळा झाली. शेड काही झाली नाही. लोक उन्हातच बसत राहिले, आणि कोणी विचारले तर चिटणीस म्हणत, पुढच्या वर्षी नक्की.

ढाल त्याआधीची होती. मंडळाने स्वतःची स्पर्धा सुरू करायचे ठरवले तेव्हा तिच्यासाठी चांदी गावानेच दिली होती. कोणी जोडवी दिली, कोणी लेकराचे वाळे, कोणी करगोट्याची साखळी. खामगावच्या कारागिराने त्यातून ढाल घडवली. मागे सागवानाची फळी, मध्यभागी चेंडू मारणारा माणूस. कलाकुसर म्हणाल तर त्या माणसाचे पाय जरा बैलासारखे झाले होते, पण गावाला ती जगातली सर्वांत सुंदर वस्तू वाटे. वर्षभर ती मंडळाच्या खोलीतल्या लोखंडी तिजोरीत असे. स्पर्धेच्या आधी बाहेर निघे, लोक आपल्या हाताने चिंच लावून घासत, मग ती मिरवत मैदानावर जाई.

त्या वर्षी ढाल घासायला माणसे जमली, चिटणिसांनी तिजोरी उघडली आणि आत ढाल नव्हती.

ते स्वतःच ठाण्यात आले. मागे शंभरेक माणसे. मी फिर्याद लिहून घेतली आणि हवालदाराला घेऊन खोलीवर गेलो. दार धड, खिडकीचे गज धड, तिजोरीच्या कुलुपावर ओरखडा नाही. किल्लीने उघडली आणि किल्लीनेच लावली, हे उघड होते. किल्ल्या दोन. एक चिटणिसांकडे, दुसरी रिवाजाप्रमाणे संघाच्या कप्तानाकडे. त्या वर्षी कप्तान होता कामठीचा गोलकीपर.

तिजोरीत एक लाल कापड घडी करून ठेवले होते, त्यावर सव्वा रुपया आणि एक सुपारी. हवालदाराने ते सारे पंचनाम्यात घेतले आणि पंचांच्या सह्या झाल्या. सव्वा रुपया आणि सुपारी बाजारातल्या प्रत्येक तिजोरीत असते. त्यावर कोणी शब्दही बोलले नाही.

बाहेर आलो तेव्हा एक वयस्क माणूस पायरीवर बसून होता. गावात त्यांना सगळे बुवा म्हणत. गावालगत त्यांचा वांगी-मिरचीचा मळा होता, आणि ती भाजी ते स्वतः बाजारात टोपली घेऊन बसून विकत. एकही सामना चुकवत नसत, आणि ढालीसाठी त्यांनी बायकोच्या तोरड्या दिल्या होत्या. बायकोने स्वतः पायातून काढून दिल्या, नंतर दोन वर्षांनी ती वारली. तिची तेवढीच वस्तू बुवांना वर्षातून एकदा हाताने घासायला मिळे. हे मला हवालदाराने सांगितले. बुवांनी एवढेच विचारले, "सापडन ना साहेब?" मी बघतो म्हणालो. पोलीस दुसरे काय म्हणणार.

संशय कोणावर घ्यायचा, ते गावाने आधीच ठरवले होते. गोलकीपरचा चार महिन्यांचा पगार थकला होता. पंधरा दिवसांपूर्वी चहाच्या दुकानात सगळ्यांसमोर तो म्हणाला होता की पगार देत नसाल तर ढाल उचलून कामठीला जातो. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या नेहमीच्या खबऱ्यानेही तीच दिशा दाखवली. गोलकीपरने एक जड पेटी नागपूरच्या गाडीने ओळखीच्या माणसाबरोबर पाठवली होती. खबर पक्की होती. मी रेल्वे पोलिसांना तार केली आणि गोलकीपरला ठाण्यात आणून बसवले.

बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. ठाण्यासमोर गर्दी जमली. मागच्याच रविवारी ज्याला खांद्यावर घेऊन नाचले होते, त्याला आता आमच्या ताब्यात द्या म्हणून तीच माणसे ओरडत होती. मी दोन शिपाई दारात उभे केले. माझा हवालदारही त्याच्याकडे असा बघत होता की त्याला मी मुद्दाम टपालाच्या कामावर बाहेर पाठवले. फुटबॉलच्या नादी लागलेल्या माणसाच्या हाती फुटबॉलवाला आरोपी देऊ नये, एवढे मला कळत होते.

गोलकीपर पंचविशीतला, लांब हातापायांचा, कमी बोलणारा मुलगा. त्याने काही लपवले नाही. किल्ली खिशातून काढून टेबलावर ठेवली. धमकी दिली होती, हे कबूल केले. पेटीत घरची भांडी आहेत म्हणाला. कारण विचारले तर म्हणाला, इथले बिऱ्हाड आवरतोय. पगार मिळेल या आशेवर खानावळवाल्याला थांबवले होते, तो आता जेवायला वाढत नाही.

मी म्हटले, "मग आधीच का गेला नाहीस?"

"स्पर्धा तोंडावर आहे साहेब," तो म्हणाला. "मधेच गेलो असतो तर गोलमध्ये कोण उभं राहिलं असतं?"

आरोपी खरे बोलतो की खोटे, हे डोळ्यांत बघून ओळखणारे अधिकारी कथांमध्ये असतात. मला कधीच ओळखता आले नाही. पण पळून जायचा बेत असलेला चोर सामन्याची काळजी करत नाही, असे मला वाटले. संध्याकाळी रेल्वे पोलिसांचा उलट निरोप आला. पेटीत पातेली, तवा आणि एक सतरंजी. तरी मी त्याला घरी सोडला नाही. ठाण्यातच बसवून ठेवला आणि बाहेर गर्दीला वाटू दिले की चौकशी चालू आहे. त्याला त्या दिवशी बाहेर सोडणे म्हणजे त्याला मारायला देणे होते. जेवण माझ्या घरून आले.

पुरवणी जबाबासाठी दुसऱ्या दिवशी मी चिटणिसांच्या अडतीवर गेलो. हंगामाची घाई होती. मला गादीवर बसवून ते एकीकडे माझ्याशी बोलत होते आणि एकीकडे शेतकऱ्यांचा चुकारा करत होते. सुलतानपूरकडचा एक शेतकरी आला, त्याचे देणे बरेच होते. चिटणिसांनी गल्ल्यातले सारे पैसे त्याच्या पुढ्यात ओतले. मग गल्ला लावताना, माझ्याशी बोलणे चालूच ठेवून, बंडीच्या खिशातून सव्वा रुपया काढून त्यांनी त्यात टाकला. डब्यातून एक सुपारी घेऊन तीही टाकली आणि मगच झाकण लावले. ते आपण काय केले, हे त्यांच्या लक्षातही नव्हते. माणूस बाहेर पडताना चपला घालतो तसे ते हाताला सवयीचे होते.

मी चहा पूर्ण प्यायलो, नमस्कार केला आणि सरळ मंडळाच्या खोलीवर गेलो. तिजोरी मोहोरबंद होती, पंच बोलावून उघडली. सव्वा रुपया आणि सुपारी जिथल्या तिथे होती, लाल कापडाच्या घडीवर. ढाल त्याच कापडात गुंडाळून ठेवत असत. म्हणजे ढाल आत असताना त्या घडीवर काही ठेवलेले असणे शक्यच नव्हते, कारण तेव्हा घडीच नव्हती. कोणीतरी ढाल काढली, कापड नीट घडी केले, आणि तिजोरी रिकामी राहू नये म्हणून वर सव्वा रुपया नि सुपारी ठेवली. चोर असे करत नाही. कामठीच्या त्या मुलाने तर जन्मात स्वतःची तिजोरी पाहिली नव्हती.

पंचांना बाहेर थांबवून चिटणिसांना मी तिथेच बोलावून घेतले. आत आम्ही तिघेच, ते, मी आणि हवालदार. मी आवाज चढवला नाही. म्हटले, मुद्देमालाचा भाग म्हणून हा सव्वा रुपया आणि सुपारी जप्त करायची आहे, तुम्हीच आपल्या हाताने काढून द्या. त्यांनी काढून दिली. मग म्हटले, आता तिजोरी लावा.

त्यांनी दाराला हात लावला आणि तो तिथेच राहिला. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "साहेब, रिकामी कशी लावू?"

"ढाल काढली तेव्हाही रिकामी लावली नाहीत, म्हणून तर विचारतो," मी म्हणालो.

ते भिंतीला टेकून खाली बसले. हवालदाराने पाणी दिले. मग त्यांनी सगळे सांगितले, आणि मधे एकदाही थांबले नाहीत. स्पर्धेच्या तोंडावर भुसावळच्या दोन खेळाडूंनी अडवून धरले होते. त्यांचे म्हणणे, थकलेला पगार हातात पडल्याशिवाय बूट घालणार नाही. शेजारचे संघवाले आजच पैसे मोजायला तयार आहेत. मंडळात दमडी नव्हती. शेडची वर्गणी आधीच्या वर्षीच पगारात गेली होती. त्यांची स्वतःची अडतही कर्जात गळ्यापर्यंत बुडाली होती. ढाल आहे तशी विकली तर कोणीही ओळखेल, म्हणून त्यांनी ती खामगावात नेऊन आटवली. सराफाला सांगितले की जुनी झाली, नवी घडवायची आहे. मागची सागवानी फळी घरच्या बंबात जाळली. आटवलेल्या चांदीच्या दोन लगडी झाल्या. एक विकून भुसावळवाल्यांना गप्प केले. दुसरी पुढच्या महिन्यासाठी होती.

मी विचारले की गोलकीपरला का दिले नाहीत. ते म्हणाले, तो अडून बसत नव्हता.

दुसरी लगड त्यांच्या गोदामात सरकीच्या पोत्यात निघाली. जप्तीचा पंचनामा झाला, चोरीचा गुन्हा बदलून विश्वासघाताचे कलम लागले, अटक झाली. गोलकीपरला मी दिवसाढवळ्या, दारातून, सगळ्यांसमोर सोडला. गर्दीतल्या कोणी त्याची माफी मागितली नाही. एक जण तेवढा म्हणाला, आता सामना कोण खेळणार.

सामना कोणीच खेळला नाही. स्पर्धा रद्द झाली. भुसावळचे दोघे मिळेल त्या गाडीने गेले, बाकीचे पगारी खेळाडू, एक सोडून, आठवड्याभरात पांगले. रविवारी मैदानावर गुरे चरू लागली. बांबूचे कुंपण लोकांनी सरपणाला नेले, आणि मी त्याबद्दल कोणावर कारवाई केली नाही.

न्यायालयाने पुढे लगड मंडळाकडे परत देण्याचा हुकूम केला. मंडळ म्हणजे कोण, हाच प्रश्न होता. कार्यकारिणीतले सगळे अंग काढून बसले होते. शेवटी गावाची सभा मैदानावरच भरली. भांडणे होतील म्हणून मी बंदोबस्त घेऊन गेलो. लगड टेबलावर ठेवली होती. ज्यांनी चांदी दिली होती ते सगळे आले होते, बायकाही होत्या. जामिनावर सुटलेले चिटणीस मागे, एका बाजूला उभे होते. त्यांच्या शेजारी कोणी उभे राहात नव्हते. गोलकीपरही कामठीहून आला होता. त्याला पगार मागायचा होता, पण त्या लोकांपुढे तोंड उघडायचे धाडस होत नव्हते, हे मला दिसत होते.

भांडणे झालीच. लगड विकून ज्याची त्याला चांदी परत द्या, असे बहुतेकांचे म्हणणे. पण कोणाची किती, ते कोण ठरवणार? एकाने दुसऱ्याला खोटे पाडले, दुसऱ्याने त्याच्या बापाचे काढले. हवालदार पुढे सरकला. तेवढ्यात बुवा उठून टेबलापाशी गेले. त्यांनी लगड दोन्ही हातांत उचलली, उलटी करून पाहिली, आणि माझ्याकडे वळून विचारले, "साहेब, याच्यातली माही कोनती?"

बुवांनी लगड जिथल्या तिथे ठेवली, हात धोतराला पुसले आणि लोकांकडे तोंड केले.

"नाई निवडता येत," ते म्हणाले. "मंग भांडता काऊन? त्या पोट्ट्यानं चार महिने गोल राखला, त्याले पयले द्या. बाहेरून मानसं आना म्हनून बोंबललं कोन? आपुनच ना. जितल्यावर नाचलो बी आपुनच."

मग एका बाईने, माझ्या वाळ्याचे मी सोडले, असे म्हटले. तिच्यामागून आणखी काही जणांनी होकार भरला. सगळे राजीखुशीने तयार झाले, असे मी म्हणणार नाही. दोन-चार जण शिव्या देत निघून गेले. पण ठराव झाला. लगड विकून आधी गोलकीपरचा आणि गावात राहिलेल्या एका खेळाडूचा पगार भागवायचा, आणि उरेल त्यात मुलांसाठी चेंडू घ्यायचा. चिटणिसांनी लपून जे केले होते, तेच गावाने उघड्यावर, हात वर करून केले.

सभा उठताना चिटणीस बुवांच्या समोर आले. हात जोडलेले होते. बुवा त्यांच्यापेक्षा पंधराएक वर्षांनी मोठे असतील. रागावलेले दिसले नाहीत, थकलेले दिसले.

"मले इचारलं असतं," बुवा म्हणाले, "तं म्याच काढून देली असती. तिनं बी देलीच होती ना. तुमी इचारलंच नाई."

अटकेच्या वेळी, कोठडीत, न्यायालयात, कुठेही चिटणिसांच्या डोळ्यांत मी पाणी पाहिले नव्हते. तिथे ते मातीत बसले आणि लहान मुलासारखे रडले. बुवांनी त्यांना उठवले नाही. बसायला आणलेली टोपली डोक्यावर घेतली आणि रूळ ओलांडून मळ्याकडे निघून गेले.

नंतरच्या नोकरीत मी सोसायट्यांचे, पतपेढ्यांचे, देवस्थानांचे अपहार बरेच तपासले. त्यांत लुच्चे होतेच. पण निम्मे तरी आरोपी चिटणिसांच्या जातकुळीचे निघाले. चार लोकांसमोर उभे राहून 'आपल्याला हे झेपत नाही' एवढे म्हणायची त्यांना लाज वाटली, आणि ती लाज झाकायला त्यांनी लोकांच्याच घरात हात घातला. तेव्हापासून अपहाराच्या आरोपीला मी पैसे कुठे गेले हे नंतर विचारत असे. आधी विचारत असे, हे तू कोणाला सांगायला घाबरलास? बहुतेक जण त्या प्रश्नावर मान खाली घालत. चिटणिसांना झालेली शिक्षा तशी थोडी होती, ती भोगून ते परत आले आणि त्यांनी अडतही पुन्हा चालवली. पण माझी बदली होईपर्यंत मी पाहिले, बुवा टोपली घेऊन बसत त्या भाजीबाजारात ते कधी स्वतः आले नाहीत.